होडीचा वाटा

न्हाव्याच्या खाडीकाठी एक म्हातारा होड्या दुरुस्त करी. 1989 साली समोर बंदर सुरू झालं आणि हळूहळू लाकडी होड्या कमी होत गेल्या. म्हाताऱ्याचं काम मात्र अगदीच थांबलं नव्हतं.

शेजारचा धाकटा पोर ट्रेलरवरून पडला आणि त्याच्या पाठीचा कणा दुखावला. त्याचे दोघे भाऊ भले. संध्याकाळी त्याला उचलून होडीत बसवत, खाडीत फिरवून आणत आणि परत उचलून ओटीवर ठेवत. भाऊ असावेत तर असे, असं गाव म्हणे. पोर काहीच म्हणत नसे.

एकदा त्याने मोबाईलवर म्हाताऱ्याला होडी वल्हवण्याची शर्यत दाखवली. सुरुंगाच्या स्फोटात एक पाय गमावलेले लष्करातले कोंगनपल्ले नारायण आणि त्यांच्या जोडीदार अनिता. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत दोघांनी रौप्यपदक मिळवलं होतं.

“आजा, मला असली होडी बांधून दे.”

म्हाताऱ्याने शर्यत पुन्हा पाहिली. “असली नाय चालायची. यांची बैठक चाकांवर मागंपुढं सरकते, उरलेल्या पायाचा जोर लागतो. तुला खालचं कुठपर्यंत कळतं?”

हा प्रश्न त्याला घरात कोणी विचारला नव्हता. पोराने छातीखाली हात ठेवला.

जागतिक स्पर्धांतही अशा वल्हेकऱ्यांचा गट वेगळाच असतो. फक्त खांदे आणि हात चालतात म्हणून बैठक पक्की, पाठीला टेकू, छातीला पट्टा आणि होडीच्या दोन्ही बाजूंना तरंगते आधार. 2008 च्या बीजिंग पॅरालिम्पिकपासून ही माणसं शर्यतीत आहेत. म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी तो जवळजवळ तिथेच पोचला. मोडक्या प्लॅस्टिक खुर्चीचे पाय कापून ती त्याने तळाशी घट्ट बसवली. दोन्ही अंगांना तरंडं बांधली. वल्ह्यांच्या मुठी पोराच्या पकडीप्रमाणे तासल्या, पुन्हा तासल्या. यात पावसाळा गेला.

“पांगळ्याची होडी,” नाक्यावर कोणीतरी हसलं.

“मालवणाकडं होडीला उलंडी लावतात, ते बी असलंच तरंडं. ते सगळे पांगळे काय?” म्हातारा म्हणाला आणि रंधा मारत राहिला.

छातीच्या पट्ट्यावर मात्र तो अडला. पट्टा सैल ठेवला तर पोर कलंडे; घट्ट बांधला आणि होडी उलटली, तर तो तिच्यासकट अडकेल. शेवटी शाळेच्या दप्तराचा पट्टा आणि वेल्क्रो लावून त्याने असा बंद तयार केला, की एका हाताने ओढताच सुटावा. मग कंबरभर पाण्यात त्याने ती होडी मुद्दाम उलटवली. आई काठावरून ओरडली. भाऊ धावले.

“लांब ऱ्हावा!” म्हातारा गरजला. तो स्वतः हातभर अंतरावर उभा होता, पण त्याने हात लावला नाही.

पोर पट्टा ओढून सुटला आणि खोकत वर आला. म्हाताऱ्याने त्याला पुन्हा बसवलं, पुन्हा उलटवलं. खोकला थांबेपर्यंत तेच चाललं. बरं दिसत नव्हतं ते. भाऊ तर दोन दिवस म्हाताऱ्याशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर भावांच्या होडीचं इंजिन बिघडलं. भरतीची वेळ साधून दोघे काठाकाठाने जाळं लावत गेले आणि जाळ्याचं दुसरं टोक धाकट्याने त्याच्या होडीतून ओढून नेलं. मासळी बेताचीच मिळाली. वाटे घातले, तेव्हा थोरल्याने तीन सारखे ढीग केले.

“माझ्या होडीचा वाटा?” धाकट्याने विचारलं.

“घरात कसला होडीचा वाटा?”

“तुझी होडी असते तेव्हा काढतोस ना?”

थोरला चिडला, मधला त्याच्या बाजूने बोलला, धाकट्याने दोघांचा जुना हिशेब काढला. आवाज ऐकून आई बाहेर आली. अपघातानंतर घरात त्याच्याशी कोणी भांडलं नव्हतं. ती क्षणभर उंबऱ्यातच थांबली. मग खाली बसून तिने तिन्ही ढीग एकत्र केले आणि चार वाटे घालायला घेतले.