सात वाचला, बारा राहिला

कल्याण-मुरबाड रस्त्याने म्हारळ, वरप, कांबा मागे पडलं की फलक सुरू होतात. एन.ए. प्लॉट, फार्महाऊस प्लॉट, क्लिअर टायटल, समोर डोंगर. शहापूरकडे वासिंद-आसनगावपासून हेच चित्र. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट भिवंडी तालुक्यात उतरला. मुरबाडला रेल्वे येणार, ही बोलणी तर किती वर्षं ऐकतो आहोत. रस्ता आला की भाव चढतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीच्या तोंडावर वाटतं, आपलेही चार गुंठे असावेत, एखादं आंब्याचं झाड असावं. ही इच्छा मला खरी वाटते, तिची थट्टा करण्यासारखं काही नाही. माझी तक्रार आहे ती आपण जमिनीकडे पाहतो कसं, याबद्दल.

सातबारा म्हणजे दोन कागद. गाव नमुना सात मालकी सांगतो, गाव नमुना बारा पीक सांगतो. गिऱ्हाईक, एजंट आणि वकील तिघंही सातवर डोळे रोखून बसतात आणि त्यात चूक काही नाही. भोगवटादार वर्ग एक की दोन, इतर हक्कांत कुळाचं नाव आहे का, बहिणींनी हक्कसोड दिली का, १९७५ च्या खासगी वन कायद्याचा शेरा आहे का, आदिवासी खातेदार असेल तर कलम ३६ अ ची परवानगी आहे का, हे पाहावंच लागतं. नाही पाहिलं तर आयुष्यभराची पुंजी कोर्टात अडकते. पण बाराचा रकाना कोणी वाचत नाही. तिथे काल भात होता, आज 'पड' लिहिलं आहे, एवढ्या एका शब्दात जे घडून गेलं त्याची दखल व्यवहारात कुठेच येत नाही.

त्यातही सर्वांत आधी विकली जाते ती वरकस जमीन. एजंट म्हणतो, "माळ आहे साहेब, इथे काही पिकत नाही." शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र माळ आणि खाचर ही एकाच शेताची दोन अंगं. माळावर नाचणी, वरई होते, गुरं चरतात, पावसाळ्यानंतर गवत कापलं जातं. मुंबईच्या तबेल्यांना ठाण्याच्या या डोंगरपट्ट्यानेच वर्षानुवर्षं गवत पुरवलं. मुख्य म्हणजे राब. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण अंथरून भाजायचं आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचं रोप टाकायचं. माळाला तारेचं कुंपण पडलं की राबाचा पाला तुटतो, गुरं विकावी लागतात, शेणखत संपतं. मग खाचर नावावर असूनही लावणी परवडेनाशी होते, आणि दोन-चार वर्षांत त्याच्यासाठीही एजंट दारात येतो. एका माळाची विक्री अशी खालच्या भातापर्यंत पोचते.

डोंबिवलीकराला हे परकं वाटू नये. त्याची इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथेही आगरी-कुणब्यांची भातशेतीच होती. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली. आसपासची २७ गावं तिच्यात घातली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. या ये-जा करण्यात शेत कुठल्या हद्दीत, यावर खूप भांडणं झाली. शेत शेत राहणार का, हा प्रश्न बाजूला पडला. ज्यांनी जमीन विकली त्यांना पैसा एकदाच मिळाला. त्यातून घर झालं, लग्नं झाली, गाडी आली. पुढच्या पिढीला मात्र आजोबांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या संकुलात सुरक्षारक्षकाचं काम मिळालं, अशी घरं या पट्ट्यात शोधायला लांब जावं लागत नाही.

आता सांगितलं जातं की पर्यटन येईल आणि गावाला हात देईल. माळशेज, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड. निसर्गाने मुरबाड-शहापूरला काही कमी दिलेलं नाही. पण आजच्या पर्यटनातून गावाच्या वाट्याला येतं ते पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची मक्याची कणसं, चुलीवरची भाकरी आणि मागे उरलेल्या बाटल्या. धबधब्यांवर गर्दी इतकी उसळते की जिल्हा प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात. पाण्याचं दुखणं तर त्याहून मोठं आहे. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ पासूनचं. त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी फार्महाऊसची खोल बोअर आणि पोहण्याचा तलाव मंजूर करताना शेजारच्या पाड्याच्या विहिरीचं काय होईल, हे विचारायलाच हवं.

कायदा नाही असं नव्हे. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही, १९४७ चा तुकडेबंदी कायदा तुकडे पाडू देत नाही. पण शेतकरी दाखला मिळवून, सामायिक खात्यात दहा नावं चढवून, एन.ए. करून वाटा निघतात. नुसत्या मालकीवर बंधन घालून शेत वाचत नाही, हे कळायला इंडोनेशियाकडे पाहा. तिथल्या १९६० च्या भूमी कायद्याने परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. तरी बालीमध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांवर भातखाचरांत व्हिला उभे राहिले. मालकी गावातच राहिली, भात गेला. उलट त्याच बेटावर तबानान भागातल्या जातिलुविहची खाचरं आजही पिकतात. पाणी वाटून घेणारी शेतकऱ्यांची 'सुबाक' ही पद्धत २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली आणि प्रवासी पैसे मोजून तिथे येतात ते पिकणारं शेत पाहायलाच. म्हणून मला वाटतं, मालक कोण यापेक्षा जमिनीत काय चाललं आहे, या प्रश्नाला आपण अधिक वजन द्यायला हवं.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. मुरबाड-शहापूरसाठी तोच रस्ता मला धरण्याजोगा वाटतो, अट एकच, शेत चालू असलं पाहिजे. डोंबिवलीच्या माणसाने चार गुंठे विकत घेण्याऐवजी शेतकऱ्याच्या घराला जोडून खोल्या बांधायला पैसे घालावेत, वर्षातले ठरावीक दिवस तिथे राहावं, भात, वाल, भेंडी थेट त्याच्याकडून घ्यावी. करार लेखी असावा, जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहावी. यात भाव दुप्पट होण्याची आशा नाही, हे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. गावाच्या हातातही एक साधन आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत बाराची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. दर वर्षी सुगीनंतरच्या ग्रामसभेत ती नोंद गटनिहाय मोठ्याने वाचली जावी, आणि ज्या गटात भाताच्या जागी पड आली असेल तिथे एन.ए.चा अर्ज आला, तर खालच्या खाचरांचा राब आणि शेजारची विहीर पाहून मगच ग्रामसभेने आपलं म्हणणं तहसीलदारांकडे लेखी द्यावं.