उसना आवाज

"नाव सांगणार नाही," आत्या म्हणाली. "आणि तो काय खायचा, तेही नाही."

नाव मी विचारलंच नव्हतं. ते मला ठाऊक होतं, पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल. मला हवं होतं ते बारीकसारीक. एका मालिकेची पटकथा माझ्याकडे आली होती, गिरणगावातल्या चाळीतून वर आलेल्या भाईची. आत्याने लालबागला सत्तावीस वर्षं खानावळ चालवली. तो भाई व्हायच्या आधी, गिरणीत बदली कामगार असताना, दोन वर्षं तिच्या पंगतीला जेवला होता. असा ऐवज घरातच असताना बाहेर कशाला हिंडायचं?

"पात्र काल्पनिकच आहे गं."

"सिनेमाच्या आधी पाटी येते ना, साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग. तू दोन महिने तो योगायोग शोधत फिरतोयस."

मग मी तिला 'गॉडफादर'ची गोष्ट सांगितली. कोंडीत सापडलो की मी परदेशात जातो.

मारिओ पुझोची ही कादंबरी 1969 ची. ती लिहिली तेव्हा तो एकाही खऱ्या माफियाला भेटलेला नव्हता, सगळं वाचून आणि ऐकून लिहिलेलं. त्याच्या डॉनचे, व्हिटो कॉर्लिओनेचे, सुटे भाग ठिकठिकाणचे. ऑलिव्ह तेलाचा धंदा जोसेफ प्रोफाची या खऱ्या माफियाचा. राजकारणी आणि न्यायाधीश खिशात ठेवणं दुसऱ्या एका माफियाचं, फ्रँक कॉस्टेलोचं. या कॉस्टेलोची 1951 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष झाली, ती टीव्हीवर दाखवली गेली. चेहरा दाखवायला त्याने हरकत घेतली, म्हणून कॅमेरा त्याच्या हातांवर ठेवला. लोकांनी चुळबुळणारी बोटं पाहिली आणि एक घोगरा आवाज ऐकला. मार्लन ब्रँडोने पडद्यावर तो घोगरेपणा उचलला. पण त्या आवाजातून बोलतं कोण? पुझोने स्वतःच सांगून ठेवलंय की डॉन तोंड उघडायचा तेव्हा त्याला आपल्या आईचा आवाज ऐकू यायचा. इटलीतून न्यूयॉर्कला आलेली, अक्षरओळख नसलेली, गरीब वस्तीत पोरांचं लेंढार वाढवणारी बाई. तिचा धूर्तपणा, तिची माया, तिचा कडवेपणा.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "डॉनचा जो भाग आपल्याला आवडतो तो गुंडाचा नाहीच. मग गुंडाला मोठं केलं कुठे?"

इथे मी जिंकलो असं मला वाटलं. आत्या लसूण सोलत होती. एक पाकळी संपवून म्हणाली, "त्या बाईवर त्याने आधी काही लिहिलं नव्हतं?"

लिहिलं होतं. 1965 मध्ये, 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम'. नायिका म्हणजे त्याची आईच, जवळजवळ जशीच्या तशी.

"खपली?"

"नाही. समीक्षकांनी वाखाणली. पण डोक्यावर कर्ज होतं, म्हणून तर त्याने 'गॉडफादर' लिहायला घेतली."

"म्हणजे आई आईच्या कपड्यांत आली तेव्हा कुणी विचारलं नाही. गुंडाचा कोट घालून आली तेव्हा रांगा लागल्या." तिने सालं सुपात गोळा केली. "गुंडाला मोठं केलं कुठे, विचारतोस. चोरी झाली रे. तिने पोट मारून जे कमावलं ते त्याच्या नावावर चढवलंत. हप्ता काय फक्त दुकानदाराकडून घेतात?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या दुपारचा उरलेला वेळ मी या एका वाक्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलो.

आधी म्हटलं, कला अशीच होते. इकडचा आवाज, तिकडचा धंदा. ती म्हणाली, "मग उलटं का होत नाही? भाईची अक्कल घेऊन एखादी खानावळवाली का नाही रंगवत कुणी?" मग म्हटलं, आईपण उसनं दिल्यामुळेच वाईट माणूसही माणूस वाटतो, आणि तेच तर साहित्याचं काम. तिचं उत्तर: "ज्याच्याकडून हप्ता घेतला तो आधी वाटू दे की माणूस. त्याला काय उसनं दिलंस?" सिनेमातला दुकानदार मी डोळ्यांपुढे आणून पाहिला. घाम पुसत नोटा मोजतो आणि संपतो. त्याच्या आईला आजवर कुणी पडद्यावर आणलं असेल तर मला आठवत नाही.

मग मी 'दीवार'वर आलो. तो तिने पाहिला होता, 1975 मध्ये, रात्रपाळीची पंगत उठल्यावर चाळीतल्या बायकांबरोबर. त्यातला विजय हाजी मस्तानवरून बेतला, हे तेव्हापासून बोललं जातं. साम्य आहेच. मस्तान तमिळनाडूतून आलेला, गोदीत हमाली केलेला, पुढे सोन्याच्या चोरट्या आयातीत शिरलेला. विजयही गोदीतूनच वर येतो. पण विजय देवळात आईच्या कुशीत प्राण सोडतो. खरा मस्तान त्यानंतर 19 वर्षं जगला, आणीबाणीत तुरुंगात जाऊन आला, मध्ये एक राजकीय पक्षही काढला, आणि 1994 मध्ये वारला.

"म्हणजे धंदा त्याचा आणि मरण लेखकाचं," मी म्हणालो. "आणि त्यात आई तर पोलीस असलेल्या मुलाकडे राहते. सिनेमा आईच्याच बाजूने आहे."

"सिनेमा असेल. थिएटर नव्हतं. आई धाकट्याकडे गेली आणि पब्लिक थोरल्याकडे. मीपण," आत्या म्हणाली. "मी रडले त्याच्यासाठी. घरी आले तर ओट्यावर भांडी पडलेली. तेव्हा लक्षात आलं, मी कुणासाठी रडत होते. त्यातली आई विटा वाहते ना, तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं नाही. ते तर आम्ही रोजच करत होतो."

मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मायर लॅन्स्की या खऱ्या गुंडाचा किस्सा सांगितला. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला हायमन रॉथ त्याच्यावरून घेतला आहे. सिनेमा आल्यावर लॅन्स्कीने म्हणे ती भूमिका करणाऱ्या ली स्ट्रासबर्गला फोन केला, कामाचं कौतुक केलं आणि कुरकुरला, की मला जरा प्रेमळ दाखवता आलं असतं, मी आजोबा आहे.

आत्या खूप हसली. मग म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. दुसऱ्या गुंडाला आई दिलीत, त्याला नातवंडंसुद्धा नाहीत?"

चहा झाला. पैशांचा विषय तिनेच काढला. कुठून कुठे, पण तिच्या डोक्यात तो आधीपासून असावा.

"तुला किती मिळणार?"

मी आकडा सांगितला. तिने मान हलवली. तो कमी वाटला की जास्त, ते कळलं नाही.

"त्यातलं त्याच्या घरी काही जाणार?"

"नाही. म्हणून तर नाव बदलतो."

मग मी पुन्हा परदेशात गेलो. न्यूयॉर्क राज्यात 1977 पासून कायदा होता, गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याची गोष्ट विकली तर तो पैसा बळींसाठी राखून ठेवायचा. हेन्री हिल नावाच्या टोळीवाल्याने आपली कहाणी निकोलस पिलेजी या पत्रकाराला सांगितली, तिचं 'वाइजगाय' हे पुस्तक झालं, त्यावरून 1990 चा 'गुडफेलाज'. प्रकाशकाने हिलला 96,250 डॉलर दिले होते. राज्याने ते मागितले, प्रकाशक कोर्टात गेला आणि 1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला. कायद्याचं जाळं फार मोठं, असं न्यायालय म्हणालं. लहानपणी नासपती चोरल्याची कबुली देणारे संत ऑगस्टीनसुद्धा त्यात सापडतील.

"आपल्याकडे गांधीजी सापडले असते," मी म्हणालो. "भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं होतं, आत्मचरित्रात लिहिलंय."

"गांधींनी बापाला चिठ्ठी लिहिली. तुझ्या भाईने कुणाला लिहिली?"

त्या निकालाच्या बाजूने मी आजही आहे. गोष्ट सांगण्यावर सरकारने पहारा बसवू नये. पण आत्या कायद्याबद्दल बोलतच नव्हती. खिशाबद्दलही नसावी.

"गिरण्यांचा संप कधी झाला?" तिने विचारलं.

"18 जानेवारी 1982."

"आणि वडाळ्याला तो गुंड मन्या सुर्वे मारला गेला?"

"त्याच्या एक आठवडा आधी. 11 जानेवारी."

"बघ, तारखा पाठ आहेत तुला. त्याच्यावर मोठा सिनेमा आला. अडीच लाख माणसं घरी बसली, त्यांच्यावर?"

मी 'अधांतर' नाटकाचं नाव घेतलं, 'लालबाग परळ' सिनेमाचं घेतलं. आहे की, जयंत पवारांनी लिहिलंय.

"त्यातही एक पोरगा टोळीत जातोच ना?"

जातो. ते खरंही होतं, मी म्हणालो, पोरं जात होतीच. आणि पोस्टरवर पिस्तूल नसेल तर निर्माता दारात उभं करत नाही. हे दुसरं कारण मी पहिल्यापेक्षा हळू आवाजात सांगितलं.

"संपात माझ्याकडे चाळीस जण जेवत होते," आत्या म्हणाली. "पगार नाही, तरी जेवत होते. मंगळसूत्र गहाण पडलं. काही जण गावी गेले. त्यातल्या एकाने नऊ वर्षांनी पैसे पाठवले, मनिऑर्डरने, तीन हप्त्यांत. कोरेगावकडचा. नाव लिहून घे, सांगते. त्याच्यावरून प्रेरणा घे."

मी वही उघडली. नाव लिहिलं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझ्या मनात आलं, की हे भाईला देता येईल. गादीवर बसल्यावर जुन्या खानावळवालीला उधारी पाठवणारा भाई. दुसऱ्या भागाचा शेवट. अंगावर काटा येईल असा.

आत्याला माझ्या चेहऱ्यावरून काय कळलं कोण जाणे. वही तिने माझ्या हातातून घेतली नाही, फक्त तिच्यावर सूप ठेवलं.

"तू त्याचं तेवढं विचारत होतास ना," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "वाईट नव्हता जेवताना. शेजारी एक नवा पोरगा बसायचा, घाटावरचा, त्याला मासा खाता यायचा नाही. हा तारलीचे काटे काढून त्याच्या ताटात ठेवायचा. बोलायचा नाही काही. त्याच पोराला पुढे," ती थांबली. "जाऊ दे. हे लिहू नकोस."

"नाही लिहीत."

"पुढचंही नको आणि आधीचंही नको. आधीचं लिहिलंस तर पुढचं कुणी ऐकणार नाही."

मी शब्द दिला. मालिकेत ते कुठेही नाही. इथे लिहिताना मासा तेवढा बदलला आहे.