डक्टमधली खिडकी

जळगाव-धुळ्याकडून सुरतेला आलेल्या माणसाची पहिल्याच मे महिन्यात फजिती होते. खानदेशात कूलरच्या टाकीत चार बादल्या पाणी ओतलं की दुपार निभते. सुरतेचा पारा भुसावळच्या पाऱ्यापुढे काहीच नाही, पण समुद्र जवळ आणि हवा दमट. कूलर लावला तर चादरी तेवढ्या ओलसर होतात, घाम काही सुकत नाही. मग सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या घरांतही हप्त्यावर एसी येतो आणि त्याचा आउटडोअर डबा टांगायचा कुठे यावर गाडी अडते.

सोसायटीचं उत्तर तयार असतं. पुढच्या भिंतीवर नको, इलेव्हेशन बिघडतं; मागच्या डक्टमध्ये लावा. मेकॅनिक तोंड वाकडं करतो, कारण डक्टमध्ये गरम हवा कोंडते, पंखा तीच परत ओढतो आणि ऐन दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होतो. गच्चीवर न्यावा तर तांब्याच्या नळीचं बिल मजल्यागणिक वाढतं आणि गारवा कमी होतो.

मला मात्र खटकतं ते वेगळंच. त्या डक्टमध्ये खिडक्या कोणाच्या उघडतात? स्वयंपाकघरांच्या. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतली सव्वापाच किलोवॉटच्या आसपास उष्णता उचलतो, त्यात स्वतः खाल्लेली दीडेक किलोवॉट वीज मिसळतो आणि सगळं बाहेर ओततो. म्हणजे सहा-सात इस्त्र्या तापवून समोरच्या ओट्याकडे तोंड करून ठेवाव्यात, तसं. तिथे आधीच गॅसपुढे उभी असलेली बाई भाकरी थापते आहे. इमारतीच्या तोंडावळ्याची काळजी नियमात आली, तिची आली नाही.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात माणसासाठी जन्मलंच नाही. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग जागेवर बसेनात, म्हणून विलिस कॅरिअरनं ते उभं केलं. पुढे सूतगिरण्यांनी हवा राखायला सुरुवात केली ती धागा तुटू नये म्हणून. कागदाला आणि सुताला शेजारी नसतात. आमच्या बिल्डरांनी मात्र तीच सोय घराला जोडताना नकाशात देवघराला कोपरा काढला, आउटडोअरला नाही.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एका ठिकाणी पाणी गार करून नळ्यांनी इमारतींना पुरवतात, त्यामुळे भिंतीभिंतीवर डबे टांगावे लागत नाहीत. लिंबायतला ते कुठून जमणार? इथे जमेल ते एवढंच, की मेकॅनिकनं ड्रिल लावायच्या आधी समोरच्या काकूंचं दार वाजवावं आणि विचारावं, “काकू, दुपारी ही खिडकी उघडी असते का तुमची? असेल तर डबा हात-दोन हात वर घेतो.”