सेल संपला, संबंध संपला का?

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली यूपीएसची जुनी बॅटरी भंगारवाला आनंदाने नेतो, वर पैसेही मोजतो. तिच्यात शिसं असतं आणि शिशाला भाव असतो. त्याच लॅबमधल्या माउसचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, सभागृहातल्या कॉर्डलेस माइकचे उतरलेले सेल मात्र तो घेत नाही. ते झाडलोटीच्या कचऱ्यात जातात. वस्तूशी आपलं देणंघेणं कुठवर, हे ठरवायचं काम आपण बिनबोभाट भंगाराच्या भावावर सोपवलेलं आहे. त्यामुळे कॉलेजच्या आवारात बॅटऱ्या गोळा करण्याची मोहीम सुरू करायची म्हटली की डबा कुठे ठेवायचा, एवढीच चर्चा होते. त्यामागचा प्रश्न बराच जुना आहे: उपभोग संपला की कर्तव्यही संपतं का?

गीतेचा अठरावा अध्याय त्यागाच्या चर्चेनेच सुरू होतो. नेमून आलेलं कर्म मोहापोटी सोडलं तर तो त्याग तामस. अंगाला कष्ट पडतील म्हणून सोडलं तर राजस. कर्म पुरं करून आसक्ती आणि फळ सोडलं तरच सात्त्विक. उतरलेला सेल या मापाने तोलून पाहावा. तो पुढे कुठे जातो याची फिकीरच नसेल तर टाकणं तामस. ठाऊक असूनही ‘एवढ्याशासाठी कोण खाली उतरणार’ म्हणून टाकलं तर राजस. बहुतेक होस्टेलं या दुसऱ्या वर्गात मोडतात, असं म्हणायला हरकत नसावी.

जैन आचारधर्म याहून नेमका आहे. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी पाचवी, उत्सर्ग समिती, केवळ टाकण्याविषयी आहे. मलमूत्र असो की निरुपयोगी झालेली वस्तू, जागा पाहून, तिथे जीवजंतू नाहीत याची खात्री करूनच टाकायची. चालणं, बोलणं, भिक्षा घेणं, वस्तू उचलणं-ठेवणं यांच्याच पंगतीत टाकण्यालाही स्थान दिलेलं आहे, आणि त्यातही तितकीच सावधगिरी अपेक्षित आहे. हे नियम घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंग्या आणि किडे होते. आज पॉवर बँकेतला लिथियम-आयन सेल कचरागाडीत चिरडला गेला किंवा त्याची टोकं धातूला भिडली, तर तो पेट घेऊ शकतो. त्या वेळी गाडीजवळ माणूस असतो.

हा माणूस कोण, याचं उत्तर पुण्यात शोधायला लांब जावं लागत नाही. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या विभागाचा मोठा वाटा होता. कचरा वेचणाऱ्यांची ही संघटना. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. पुढे याच पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणारीचा हात त्यात जाणार नाही, अशी मोहीम ‘स्वच्छ’ने चालवली. ठिपका काढायला पेन पुरतं. पण तो काढताना टाकणाऱ्याला समोरचा हात दिसावा लागतो, आणि शुचिर्भूतपणाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने नेमका तोच हात पिढ्यान् पिढ्या नजरेआड ठेवला.

इथे एक आक्षेप रास्त आहे. आजच्या बहुतेक पेन्सिल सेलमध्ये पारा घातलेला नसतो. त्यात मुख्यतः जस्त, मँगनीज आणि पोलाद असतं. मग एवढा आटापिटा कशाला? खरं आहे, शिसं आणि लिथियम यांच्यापुढे पेन्सिल सेल गरीब. म्हणून तर त्या भाव मिळणाऱ्या यूपीएसच्या बॅटरीकडेच परत पाहायला हवं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. शिशाच्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणाऱ्या भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण. बॅटरी ‘रिसायकल’ झाली, पैसे आले, आणि धूर भट्टीशेजारच्या पोरांच्या वाट्याला गेला. शंभर सेल कचऱ्यात टाकण्यापेक्षा हा व्यवहार अधिक वाईट, कारण यात पुण्याची पावतीही मिळते.

कायद्यालाही सगळ्या बॅटऱ्या दिसायला वेळ लागला. २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांसाठी होते. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांत पेन्सिल सेलपासून इलेक्ट्रिक गाडीपर्यंत सगळ्या आल्या. गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली, आणि वापरणाऱ्याने बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य हाती सोपवावी, असंही त्यात आहे.

ज्या कॉलेजांतली एनएसएसची मुलं यंदा असा डबा ठेवणार असतील, त्यांनी लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, फुगलेली बॅटरी डब्यात न टाकता वेगळी ठेवावी. पण डबा रंगवण्याआधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला रिसायकलर शोधून त्याच्याशी लेखी करार करावा. आणि प्राचार्यांनी यूपीएसची पुढची जुनी बॅटरी, चार पैसे कमी मिळाले तरी, त्यालाच द्यावी.