रुखसत

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी एक दौड ठरली. आपल्याकडे कुठल्याही दौडीला मॅरेथॉनच म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, आमची दहाची. धावणाऱ्याने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची, अशी रीत होती. मी शाळेतील सहकारी आणि पालक अशा चोवीस जणांकडून दर किलोमीटरला दहा-दहा रुपये कबूल करून घेतले आणि फजरच्या नमाजनंतर रोज धावू लागलो.

दौड तीन आठवड्यांवर आली असताना खड्ड्यात पाय पडून घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, पण महिनाभर धावायचे नाही. काही दिवसांनी हळूहळू चाला." आठव्या दिवशी मी पट्टी बांधून गुपचूप धावलो आणि लंगडत घरी आलो. अम्मीने सूज पाहिली. म्हणाली, "बेटा, आजारी माणसाला अल्लाहने रोजासुद्धा पुढे ढकलू दिला. तुझी दौड रोज्यापेक्षा मोठी आहे का?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पण प्रश्न मनातून जाईना. दिलेला शब्द पाळावा, ही आपली शिकवण. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हीसुद्धा आपलीच शिकवण. दोन्ही एकमेकींसमोर उभ्या राहिल्या तर माणसाने काय करावे?

शरियतमध्ये 'रुखसत' म्हणजे सवलत. आजारी आणि प्रवासी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत. उभे राहता येत नसेल त्याने बसून नमाज पढावी. पाणी अपाय करणार असेल तर तयम्मुम करावे. सवलत घेणारा कमी प्रतीचा मुसलमान ठरत नाही. आणि ज्याला रोजा कधीच जमणार नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, हा फिदया. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवण किंवा कपडे द्यावेत, हा कफ्फारा. मी हे वर्षानुवर्षे वाचत आलो, पण त्यातला अर्थ सुजलेल्या पायाने शिकवला. आपल्या हातून जे राहिले, त्याची भरपाई दुसऱ्याच्या ताटात पडते. आपण स्वतःला जास्त दुखवून घेतल्याने ती होत नाही.

यावर कोणी टेरी फॉक्सचे उदाहरण देईल. कर्करोगाने एक पाय गमावलेला हा कॅनडाचा तरुण १९८० साली संशोधनासाठी निधी जमवायला कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पोहोचल्याचे कळले आणि त्याला थांबावे लागले. १९८१ मध्ये तो वारला. त्याच्यापुढे माझा घोटा म्हणजे काहीच नाही. पण देशाचे दुसरे टोक त्याने गाठले नव्हते, तरी त्याच्या नावाने आजही दरवर्षी लोक धावतात आणि निधी जमतो. त्याचे काम त्याच्या थांबण्याने अडले नाही. मग माझ्या थांबण्याने काय अडणार होते?

खरे सांगायचे तर मला भीती होती ती लोक काय म्हणतील याची. "सर घाबरले" असे कोणी म्हणू नये म्हणून मी धावलो होतो. नियत मुलांच्या फीची होती, तिच्यात दिखावा केव्हा मिसळला ते मला कळलेच नाही.

मी चोवीसही जणांकडे गेलो आणि सांगितले, "धावणार नाही, चार किलोमीटर चालेन." एकोणीस जणांनी पूर्ण रक्कम दिली. पाच जणांनी चार किलोमीटरचीच दिली. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तूट आली तीनशे रुपयांची. ती मी खिशातून भरली. तीनशे रुपयांसाठी मी पाय मोडून घ्यायला निघालो होतो!

पण गोष्ट इथे संपत नाही. बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, कारण नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. आपण टाळ्या वाजवल्या. त्यांच्या हिमतीला सलामच करावा. मात्र एका म्हातारीला औषधपाण्यासाठी धावावे लागले, याची लाज त्या टाळ्यांत बुडून जाऊ नये.

आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. माझी देणगी किलोमीटरवर होती. घोटा मुरगळलेली वेचणारी बाई घरी बसली तर तिच्या हाती काही पडत नाही, म्हणून ती पदराची चिंधी पायाला बांधून शेतात जाते. मला रुखसत परवडली, कारण माझा पगार सुरू होता. रुखसत अल्लाहने सगळ्या आजाऱ्यांना दिली आहे. ती तिच्या दारापर्यंत पोहोचवणे आपल्यावर सोपवले आहे, आणि ते काम अजून बाकी आहे.