वाचनाचा सोबती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, एकनाथी भागवताचे ३१ अध्याय आपले आपण वाचायचे. तीनदा आरंभ केला, तीनदा नवव्या अध्यायापाशी पोथी मिटली. गुरू भेटत नाही, ही कुरकुर मात्र चालू!

शेजारच्या अण्णांना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसेना. म्हणाले, "तुम्ही वाचा, मी ऐकतो." रोज संध्याकाळी बसू लागलो. नवव्या अध्यायात त्यांनी थांबवलं.

"अहो, कुमारीच्या कांकणांपासून अवधूत काय शिकले?"

"एकांत. दोन कांकणंही वाजतात, म्हणून तिनं हाती एकच ठेवलं."

"मग आपण दोघं कशाला बसलोय?"

माझी मान खाली गेली. तीनदा वाचूनही हा प्रश्न मला पडलाच नव्हता. नुसत्या ओव्या ओलांडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, "अण्णा, एकटं कांकण अवधूतांना शोभतं. आपलं अजून वाजायला हवं. वाजल्याशिवाय चूक कळणार कशी?" अण्णा हसले. यंदा ३१वा अध्याय पुरा झाला.

गुरुचरित्र तरी काय आहे? नामधारक विचारतो, सिद्धमुनी सांगतात. विचारणाराच नसता, तर ते सांगते कोणाला?

मंडळी, विद्वान सोबतीच हवा म्हणून अडून बसू नका. ठरल्या वेळी येणारा आणि "कळलं नाही" असं मोकळेपणानं म्हणणारा एक पुरे. या दत्तजयंतीला पोथी उघडण्याआधी शेजारचं दार वाजवा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!