सोडून देणे

मराठीत ‘सोडून देणे’चे दोन अर्थ आहेत. पिंजऱ्यातला पोपट सोडून दिला, म्हणजे मोकळा केला. म्हाताऱ्या आईला सोडून दिलं, म्हणजे टाकलं. माझ्या टीममधल्या एकाची बंगळुरूला बदली झाली, तेव्हा त्याने घरातलं कासव तळ्यात सोडून दिलं. “बिचाऱ्याला मोकळं केलं,” तो म्हणाला. मी तेव्हापासून विचार करतोय, यातला कुठला अर्थ खरा?

ते कासव रेड-इअर्ड स्लायडर होतं. डोळ्यांमागे लाल पट्टा, मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. ॲक्वेरियमच्या दुकानात ते मोठ्या नाण्याएवढं असतं. पुढे मादी फूटभर लांब होऊ शकते आणि नीट सांभाळलं तर कासव २०-३० वर्षं जगतं. त्याला पोहायला भरपूर पाणी, फिल्टर, अंग शेकायला कोरडी जागा आणि यूव्हीबी दिवा लागतो. असा प्रकाश मिळाला नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. कुत्रा उपाशी असला तर भुंकतो. कासव वर्षानुवर्षं गप्प राहून खंगतं. जो तक्रार करू शकत नाही त्याच्याबाबत आपली जबाबदारी वाढते, असं मला वाटतं.

मग तळ्यात सोडणं बरं नाही का? निदान मोकळं पाणी तरी मिळेल! हा मुद्दा खोटा नाही. काचेच्या पेटीतले हाल खरेच असतात. पण तळं रिकामं नसतं. तिथे आपली कासवं आधीपासून राहतात. त्यांच्या अन्नात आणि ऊन खायच्या जागांत हा पाहुणा वाटेकरी होतो, सोबत रोगही नेऊ शकतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्याला आपल्या आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं. मोकळं केल्याचं समाधान आपल्याला मिळतं. किंमत मोजतात ते तळ्यातले जीव, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

यात कासवाचा दोष काहीच नाही. आपल्याकडची मऊ पाठीची कासवं पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून दुकानात हे परदेशी पिल्लू येतं. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. कारण साल्मोनेलाचं, मुलं आजारी पडत होती म्हणून. तिथेही कासवाच्या आयुष्याचा विचार नव्हता.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठल्याही गोष्टीचा सपोर्ट कधी संपणार याची तारीख ठरवतो. जिवाच्या बाबतीत ती तारीख आपल्या हातात नसते. बाविसाव्या वर्षी, भाड्याच्या फ्लॅटमध्ये घेतलेलं पिल्लू तुमच्या पन्नाशीपर्यंत सोबत असू शकतं. मधे नोकऱ्या, लग्न, कदाचित व्हिसा. आधीच घरात असेल तर मोठी टाकी घ्या, किंवा खरंच सांभाळू शकेल असा माणूस शोधा. शोधायला वेळ लागला तरी तोवर ते तुमचंच आहे.

आणि नसेल, तर दुकानात किंमत विचारण्याआधी वय मोजा. कासवाचं, आणि स्वतःचंही.